प्रत्येक ‘होतो’ म्हणजे प्ल्यु-क-पार्फे नव्हे

आधी हा छोटा उतारा वाचा.

“काल मी मार्सेयला गेलो होतो. गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. स्टेशनबाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती. तिने निळा रेनकोट घातला होता. तिने सांगितलं, की शेवटची बस गेली. मला तर सपाटून भूक लागली होती.”

शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे यात पूर्ण भूतकाळाची पाच क्रियापदं आहेत: गेलो होतो, थांबला होता, बसली होती, घातला होता, लागली होती. आता हाच उतारा फ्रेंचमध्ये लिहायचा आहे. फ्रेंचमधल्या पूर्ण भूतकाळाचं नाव प्ल्यु-क-पार्फे, शब्दशः ‘पूर्णाच्याही पलीकडचा’. हे नाव लॅटिन व्याकरणातून आलं आहे. या काळाची ओळख झालेला मराठी विद्यार्थी बहुधा पाचही ठिकाणी तोच बसवतो. पाचांपैकी एकच उत्तर बरोबर येतं. शिवाय फ्रेंचमध्ये जिथे तो नक्की हवा, त्या ‘बस गेली’वर मराठीत ‘होती’ नसल्यामुळे तिथे तो सुटतो.

मराठी माणसाला या काळाची रचना जड जात नाही, कारण तीच आपल्या तोंडी रोज असते. अडचण वापरात येते. आपला ‘होता’ तीन-चार वेगवेगळी कामं करतो, प्ल्यु-क-पार्फे त्यातलं एकच करतो. आपल्याकडे फ्रेंच शिकवलं जातं ते बहुतेक इंग्रजीच्या आधाराने, त्यामुळे हा फरक वर्गात क्वचितच कुणी बोलून दाखवतं.

एक खुलासा. या लेखातली फ्रेंच वाक्यं देवनागरीत आहेत, म्हणजे ती उच्चारापुरती आहेत. फ्रेंच स्पेलिंगमध्ये न उच्चारलेली बरीच अक्षरं शेवटी असतात, ती लिहिताना पुस्तकातून पाहून घ्यावी लागतील. ‘झ’ हा ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा घर्षणाचा वाचा.

साचा

‘जेवलो होतो’ या रूपात दोन भाग आहेत. मुख्य क्रियापदाचं ‘झालेलं’ रूप, आणि ‘असणे’चा भूतकाळ. फ्रेंचमध्येही हेच दोन भाग असतात, फक्त क्रम उलटा: आधी सहाय्यक क्रियापद, मग मुख्य क्रियापदाचं भूतकाळवाचक धातुसाधित. सहाय्यक क्रियापदं दोन आहेत, ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) आणि ‘एत्र’ (असणे), आणि ती ॲंपार्फे या काळात, म्हणजे अपूर्ण भूतकाळात, चालवायची.

आव्ह्वारची रूपं अशी: झाव्हे, त्यु आव्हे, इल आव्हे, नू-झाव्हियों, व्हू-झाव्हिये, इल-झाव्हे. एत्रची अशी: झेते, त्यु एते, इल एते, नू-झेतियों, व्हू-झेतिये, इल-झेते. ‘नू’ आणि ‘व्हू’ सोडले तर बाकी चौघांचा उच्चार सारखाच असतो, फरक फक्त लिहिताना दिसतो. पाठांतर निम्म्यावर येतं, शुद्धलेखन मात्र दुप्पट होतं.

म्हणून ‘झाव्हे मांझे’ म्हणजे मी खाल्लं होतं. ‘झे मांझे’ म्हणजे मी खाल्लं, तो साधा झालेला भूतकाळ, पासे कोंपोझे. दोन्हींतला फरक एका ‘आव्हे’चा. फ्रेंच माणूस भरभर बोलायला लागला की तो निसटतो, त्यामुळे ऐकताना मुख्य क्रियापदाची वाट पाहत बसू नये. काळ सहाय्यकातच कळतो.

धातुसाधितं साधारण तीन घरांतली. ‘मांझे’सारखी ‘ए’कारान्त क्रियापदं ‘ए’च ठेवतात, ‘फिनीर’चं ‘फिनी’ होतं, ‘आतांद्र’चं ‘आतांद्यु’ होतं. पण रोजची क्रियापदं नेमकी नियमाबाहेरची निघतात: फेरचं फे, दीरचं दी, एक्रीरचं एक्री, प्रांद्रचं प्री, मेत्रचं मी, व्ह्वारचं व्ह्यु, लीरचं ल्यु, ब्वारचं ब्यु, साव्ह्वारचं स्यु, पूव्ह्वारचं प्यु, व्हनीरचं व्हन्यु, ऊव्ह्रीरचं ऊव्हेर, मूरीरचं मोर, नेत्रचं ने. आव्ह्वारचं स्वतःचं रूप नुसतं ‘यु’ आणि एत्रचं ‘एते’. दोन्ही आव्ह्वारच घेतात: ‘झाव्हे यु’, ‘झाव्हे एते’. ज्यांनी पासे कोंपोझे केला आहे त्यांना ही सगळी यादी आधीच येत असते, नव्याने करायचं काही नसतं.

नकार कुठे बसतो, हेही मराठीवरून चटकन कळतं. आपण ‘जेवलो नव्हतो’ म्हणतो, ‘न जेवलो होतो’ म्हणत नाही. नकार सहाय्यकाला चिकटतो. फ्रेंचमध्येही ‘न’ आणि ‘पा’ या दोन तुकड्यांच्या मधे सहाय्यकच येतो: ‘झ नाव्हे पा मांझे’. ‘आधीच’, ‘कधीही’, ‘खूप’ असले शब्द दोन भागांच्या मधे शिरतात: ‘झाव्हे देझा मांझे’, मी आधीच खाल्लं होतं. ‘त्याला’, ‘तिला’ ही सर्वनामं सहाय्यकाच्या पुढे उभी राहतात: ‘झ न लाव्हे पा व्ह्यु’, मी त्याला पाहिलं नव्हतं.

आव्ह्वार की एत्र

बहुतेक क्रियापदं आव्ह्वार घेतात. एत्र घेणारी थोडीच, आणि ती बहुतांशी येण्याजाण्याची किंवा स्थिती बदलण्याची: गेला, आला, पोचला, निघाला, आत शिरला, बाहेर पडला, चढला, उतरला, पडला, राहिला, परतला, जन्मला, मेला, झाला. इंग्रजी पुस्तकांतून एका काल्पनिक डॉक्टर नवराबायकोचं नाव पाठ करायला सांगतात, ज्याचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रियापद. मला ते कधी आवडलं नाही. एका घराचं चित्र काढावं, दारातून शिरणारा, जिना चढणारा, उतरताना पडणारा, परत निघणारा माणूस त्यात दाखवावा. फ्रेंच शाळांतून हेच चित्र वापरतात, त्याला ‘एत्रचं घर’ म्हणतात.

मराठी माणसाला इथे एक आडवाटेची मदत मिळते. या यादीतली सगळी क्रियापदं मराठीत कर्तरी चालतात: तो गेला होता, ती गेली होती. ‘त्याने’ येत नाही. उलट ‘त्याने पाहिलं होतं’, ‘तिने लिहिलं होतं’ अशी ‘ने’ लागणारी क्रियापदं फ्रेंचमध्ये जवळपास नेहमी आव्ह्वार घेतात. म्हणजे ‘ने’ दिसला की, पुढे येणारी ‘स’वाली क्रियापदं सोडली तर, निर्धास्त आव्ह्वार. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. ‘ती धावली होती’, ‘ती हसली होती’, ‘मी जेवलो होतो’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्ह्वारच: ‘एल आव्हे कूर्यु’, ‘एल आव्हे री’. धावणं ही हालचाल असली तरी ती घराच्या चित्रात नाही.

काही क्रियापदं दोन्हीकडे असतात. ‘झेते मोंते’ म्हणजे मी वर चढलो होतो. ‘झाव्हे मोंते ला व्हालीझ’ म्हणजे मी बॅग वर चढवली होती. ‘झेते सोर्ती’, मी बाहेर पडलो होतो. ‘झाव्हे सोर्ती ला व्ह्वात्यूर’, मी गाडी बाहेर काढली होती. कर्म आलं की एत्र जाऊन आव्ह्वार येतं. आपण अशा वेळी क्रियापदच बदलतो, चढणेचं चढवणे करतो. फ्रेंच सहाय्यक बदलून तेच साधतं.

‘स’ (‘स्वतःला’ अशा अर्थाचं सर्वनाम, ‘मी’बरोबर ‘म’) लागणारी क्रियापदं, म्हणजे उठणे, आडवं होणे, बसणे यांसारखी, सगळी एत्रवर: ‘झ मेते लव्हे तो’, मी लवकर उठलो होतो.

लिहिली आणि लिहिलेली

आता तो भाग, ज्यावर फ्रेंच मुलंही रडतात: धातुसाधिताचं लिंगवचन.

एत्र असेल तर ते कर्त्याप्रमाणे बदलतं. ‘इल एते मोर’, तो मेला होता. ‘एल एते मोर्त’, ती मेली होती. गेला-गेली हे ज्याच्या अंगवळणी आहे त्याला यात शिकवण्यासारखं काही नाही. बहुतेक वेळा हा बदल ऐकू येत नाही, लिहिताना मात्र स्त्रीलिंगी ‘ई’ आणि अनेकवचनी ‘एस’ घालावा लागतो.

आव्ह्वार असेल तर कर्त्याकडे बघायचंच नाही. कर्माकडे बघायचं, आणि तेही कर्म क्रियापदाच्या आधी आलं असेल तरच. ‘झाव्हे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली होती. इथे चिठ्ठी नंतर आली, म्हणून ‘एक्री’ तसंच राहिलं. पण ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी. इथे चिठ्ठी आधी आली, म्हणून ‘एक्री’चं ‘एक्रीत’ झालं, आणि तो ‘त’ कानाला ऐकू येतो. तसंच ‘ला फोतो क झाव्हे प्रीझ’, मी काढलेला फोटो. फोटो फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून ‘प्री’ऐवजी ‘प्रीझ’.

इंग्रजीवरून येणाऱ्याला हा नियम चमत्कारिक वाटतो. आपल्याला वाटायचं कारण नाही. ‘रामने चिठ्ठी लिहिली’ म्हणताना क्रियापद रामकडे पाहत नाही, चिठ्ठीकडे पाहतं; हाच तो कर्मणी प्रयोग. या प्रयोगात मराठी नेहमीच कर्माचं ऐकते, फ्रेंच ऐकते ते कर्म आधी येऊन उभं राहिलं तर. आपल्याला शिकायचं आहे ते एवढंच, की कर्म मागे असेल तेव्हा हात आवरायचा.

हा नियम फ्रेंचमध्ये रुजवण्याचं श्रेय किंवा दोष सोळाव्या शतकातला कवी क्लेमां मारो याला देतात. त्याने इटालियनचा दाखला देत तो पद्यात मांडला. तेव्हापासून त्यावर वाद चालूच आहेत. २०१८ मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी ‘लिबेरासियों’ या पॅरिसच्या दैनिकातून सुचवलं, की आव्ह्वारबरोबरचं धातुसाधित सरळ न बदलणारं करून टाकावं. बरीच चर्चा झाली, नियम जागेवरच राहिला. बोलताना अनेक फ्रेंच लोक ‘एक्रीत’ऐवजी ‘एक्री’ म्हणून मोकळे होतात. परीक्षेत ती मोकळीक नाही.

‘स’वाल्या क्रियापदांत एक बारकी गाठ आहे. तिने स्वतःला धुतलं असेल तर धातुसाधित स्त्रीलिंगी. ‘तिने हात धुतले होते’ असेल तर कर्म ‘हात’, आणि ते नंतर आलं, म्हणून बदल नाही: ‘एल सेते लाव्हे ले मॅं’. सुरुवातीला याच्या मागे लागू नये.

आता उतारा

प्ल्यु-क-पार्फेला भूतकाळातला एक क्षण लागतो. त्या क्षणावर उभं राहून मागे पाहायचं, आणि तोपर्यंत जे होऊन गेलं होतं ते या काळात सांगायचं. नमुन्यादाखल दोन वाक्यं. ‘कां झ स्वी आरिव्हे आ ला गार, ल त्रॅं एते पार्ती.’ मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, म्हणजे ती आधीच गेली. ‘कां झ स्वी आरिव्हे आ ला गार, ल त्रॅं ए पार्ती.’ मी पोचलो आणि मग गाडी सुटली, डोळ्यांदेखत. फरक ‘एते’ आणि ‘ए’चा. गाडी दिसली की नाही हे त्या एका अक्षरावर ठरतं.

‘काल मी मार्सेयला गेलो होतो’ हे या कसोटीवर घासून पाहा. कशाच्या आधी? कशाच्याच नाही. मराठीत कालची गोष्ट सांगताना ‘गेलो होतो’ म्हणतात ते ‘जाऊन आलो, ती गोष्ट झाली-गेली’ अशा अर्थाने. ‘परवा नाटकाला गेलो होतो’, ‘लहानपणी एकदा पडलो होतो’, ‘मागच्या वर्षी फ्रेंचची परीक्षा दिली होती’ या सगळ्यांत तेच. फ्रेंचमध्ये या ठिकाणी साधा पासे कोंपोझे: ‘इयेर, झ स्वी आले आ मार्सेय.’ हीच सवय आपल्या इंग्रजीतही उतरते, त्यामुळे इंग्रजीच्या आधाराने फ्रेंच शिकणाऱ्यालाही ती सोडत नाही. ‘झेते आले आ मार्सेय’ असं नुसतंच म्हटलं तर फ्रेंच माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो: बरं, गेला होतास, मग काय झालं?

‘पाऊस थांबला होता’ हे खरं प्ल्यु-क-पार्फे. उतरण्याचा क्षण आहे, आणि थांबणं त्याआधी झालं आहे: ‘ला प्ल्वी आव्हे सेसे’.

पुढची तिन्ही वाक्यं वेगळ्या जातीची आहेत. ‘बसली होती’ याचा मराठीतला अर्थ बसण्याची क्रिया आधी उरकली असा नाही, तर ती बसलेल्या अवस्थेत दिसली असा आहे. फ्रेंचला अवस्था सांगायची तर ॲंपार्फे: ‘एल एते तासीझ’. दिसायला हे एत्र अधिक धातुसाधित आहे, पण ते प्ल्यु-क-पार्फे नाही. इथे ‘आसीझ’ निव्वळ विशेषण आहे. बसण्याची क्रियाच सांगायची तर ‘स’ लागेल: ‘एल सेते तासीझ’. ‘घातला होता’ यालाही तेच. अंगात होता, एवढंच म्हणायचं असेल तर ‘एल पोर्ते’. मराठीत माणूस झोपलेला असतो, साडी नेसलेला असतो, भिंतीला टेकलेला असतो, दमलेला असतो, आणि आपण हे सगळं ‘झोपली होती, नेसली होती, टेकली होती, दमली होती’ असं सांगतो. फ्रेंचमध्ये झोपली होती म्हणजे ‘एल दोर्मे’, ती झोपेत होती. ‘एल आव्हे दोर्मी’ म्हटलं तर तिची झोप होऊन ती उठलीही होती.

भूक तर आणखी वेगळी. आपल्याला भूक लागते, तहान लागते, ताप येतो, झोप येते. फ्रेंच माणसाकडे त्या ‘असतात’: ‘झाव्हे फॅं’, माझ्याकडे भूक होती. यात ‘झाव्हे’ आला म्हणून फसू नये. तो सहाय्यक नाही, स्वतःच मुख्य क्रियापद आहे. ही चार-सहा वाक्यं तशीच तोंडात बसवावीत, त्यांना कसोटी लावू नये.

बाकी ठिकाणी माझी कसोटी मराठीतलीच आहे. वाक्यात ‘तोपर्यंत’ घालून पाहा. ‘तोपर्यंत पाऊस थांबला होता’ छान बसतं, प्ल्यु-क-पार्फे. ‘तोपर्यंत तिने निळा रेनकोट घातला होता’ म्हटलं की अर्थच बदलतो; तिथे ‘त्या वेळी’ हवं, म्हणून ॲंपार्फे. ‘तोपर्यंत मी काल मार्सेयला गेलो होतो’ हे वाक्यच होत नाही, म्हणून पासे कोंपोझे. कसोटी शंभर टक्के पक्की नाही, पण निबंध लिहिताना बऱ्याच चुका टळतात.

आणखी दोन जागा. ‘गाडी नुकतीच सुटली होती’ यात ‘नुकतीच’ आहे. तिथे फ्रेंच बहुधा वेगळी रचना वापरते: ‘ल त्रॅं व्हने द पार्तीर’. आणि ‘दोन वर्षांपासून लिओंला राहत होतो’ याला ॲंपार्फे, ‘झाबिते आ लियों दप्वी दझां’. इथे मराठीवरून जाणारा बरोबर येतो, इंग्रजीवरून जाणारा चुकतो.

‘जेवल्यावर तो झोपला’ अशी एकाच कर्त्याची दोन कामं असतील तर काळाची भानगड नको: ‘आप्रे आव्ह्वार मांझे, इल से कूशे’. पण सवय सांगायची असेल, ‘तिचं जेवण झालं की ती वाचत बसायची’, तर पहिल्या भागात प्ल्यु-क-पार्फे आणि दुसऱ्यात ॲंपार्फे: ‘कां तेल आव्हे मांझे, एल लिझे’. आपला ‘बसायची’ हा रीती भूतकाळ आला की त्याच्या आधीच्या क्रियेला हा काळ, असं धरून चाललं तरी चालेल.

जिथे मराठीत ‘होता’ नसतो

म्हातारी म्हणाली, की शेवटची बस गेली. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा काळ हलवत नाही. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’, ‘तिने सांगितलं की किल्ली हरवली आहे’. बोलणाऱ्याच्या तोंडचं जसंच्या तसं ठेवतो. फ्रेंच हलवते. सांगणं भूतकाळात असेल तर त्यातलं ‘झालं’ एक पायरी मागे सरकतं: ‘एल मा दी क ल देर्निये ब्यूस एते पार्ती’. ‘इला दी किलाव्हे पेर्द्यु सा क्ले’, तो म्हणाला की त्याची किल्ली हरवली आहे. मराठी वाक्यात ‘आहे’, फ्रेंचमध्ये ‘आव्हे’. ‘म्हणाला’, ‘वाटलं’, ‘कळलं’, ‘लक्षात आलं’, ‘विचारलं’ या प्रत्येकानंतर थांबून पाहावं. सांगणं वर्तमानात असेल, ‘तो म्हणतोय’, तर काही सरकत नाही.

दुसरी लपलेली जागा म्हणजे आपलं ‘-लेलं’ रूप. ‘त्याने विकत घेतलेलं घर मला दाखवलं.’ यात ‘होतं’ कुठेच नाही, पण घेणं दाखवण्याच्या आधीचं आहे. फ्रेंच ते उघड बोलते: ‘इल मा मोंत्रे ला मेझों किलाव्हे आश्ते’. आईने केलेला डबा, मित्राने सांगितलेला पत्ता, आदल्या दिवशी आणलेली फुलं. मराठी वाक्य भूतकाळात असेल आणि त्यात ‘-लेला’ दिसला, तर फ्रेंचमध्ये बहुधा प्ल्यु-क-पार्फे येतो. कर्म पुढे येत असल्याने लिंगवचनही त्याच वाक्यात सांभाळावं लागतं.

असतं तर

‘तू फोन केला असतास तर मी आलो असतो.’ मराठीत दोन्ही भागांत ‘असता’ची जोडी. फ्रेंचमध्ये दोन वेगळे काळ: ‘सी’, म्हणजे जर, याच्या मागे प्ल्यु-क-पार्फे आणि निकालाच्या भागात कोंदिसियोनेल पासे, म्हणजे संकेतार्थाचा भूतकाळ. ‘सी त्यु माव्हे आपले, झ सरे व्हन्यु.’ मराठीची सवय दोन्हीकडे तेच रूप घालायला लावते, आणि फ्रेंच मुलंही नेमकी हीच चूक करतात. त्यांना शाळेत एक ओळ शिकवतात: ‘ले सी नेम पा ले रे’, म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाहीत. कोंदिसियोनेलची बरीच रूपं ‘रे’ने संपतात, ती ‘सी’च्या अंगणात येऊ द्यायची नाहीत.

निकाल आजचा असेल तर दुसऱ्या भागात साधा कोंदिसियोनेल पुरतो: ‘सी त्यु आव्हे दोर्मी, त्यु न सरे पा फातिगे’, झोपला असतास तर आता दमलेला नसतास. आणि नुसती हळहळ असेल तर दुसरा भाग गाळूनच टाकायचा: ‘सी सलमां झाव्हे स्यु!’ आधी माहीत असतं तर!

बोलण्यातला प्ल्यु-क-पार्फे

काही वाक्यांत मागचा क्षण बोलून दाखवलेला नसतो, तो समोर उभा असतो. ‘झ त लाव्हे बियॅं दी!’ सांगितलं होतं ना मी तुला! ‘त्यु आव्हे प्रोमी!’ तू कबूल केलं होतंस! ‘झ नाव्हे झामे व्ह्यु सा!’ असलं कधी पाहिलंच नव्हतं! यांचं मराठी आणि फ्रेंच शब्दाला शब्द जुळतं. इथे बिनधास्त भाषांतर करावं. तक्रार करायला दोन्ही भाषांना एकच काळ लागतो.

आर्जवालाही लागतो. दारात उभं राहून आपण म्हणतो, “जरा एक काम होतं, म्हणून आलो होतो.” आलो आहोत ते समोरच, पण ‘आलो आहे’ म्हणणं अंगावर गेल्यासारखं होतं. फ्रेंच माणूसही तसाच एक पाऊल मागे सरकतो: ‘झेते व्हन्यु व्हू दमांदे अं पती सेर्व्हीस’. रोजच्या बोलण्यात यापेक्षा ‘झ व्हूले’, म्हणजे ‘मला हवं होतं’, हे ॲंपार्फे जास्त ऐकू येईल. पण कुणी ‘झेते व्हन्यु’ म्हणालं तर काळ चुकला असं समजू नये.

वर्तमानपत्रात हा काळ बातमीच्या शेपटीत सापडतो. आजची घटना पासे कोंपोझेत येते, आणि त्या माणसाची किंवा प्रकरणाची मागची हकीकत प्ल्यु-क-पार्फेत. वाचनाचा सराव करायचा असेल तर बातमीचे शेवटचे दोन परिच्छेद घ्यावेत, तिथे उदाहरणं सलग मिळतात.

जुन्या कादंबऱ्या हाती घेतल्या तर याचा एक भाऊबंद भेटेल, पासे आंतेरियर: ‘दे किल यु फिनी, इल पार्ती’, त्याचं संपताक्षणीच तो निघाला. अर्थ तोच, अगदी लगेच आधी. पण तो फक्त लिखाणात आणि पासे सॅंप्ल या साहित्यिक भूतकाळाच्या सोबतीने येतो. बोलीत, विशेषतः दक्षिण फ्रान्समध्ये आणि फ्रेंच स्वित्झर्लंडमध्ये, ‘कां तिल आ यु फिनी’ अशी दुहेरी सहाय्यकाची रूपंही कानावर पडतात. दोन्ही ओळखता आली की झालं, वापरायची गरज नाही. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत बी-१ पातळीला विचारतात तो प्ल्यु-क-पार्फे.